मामांचं मनगट

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. अख्ख्या अम्मानमध्ये बंदुकीच्या नेमातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! आता, खरी बंदूक मी कधी हातात धरलेली नाही, हेही खरं. लग्नाच्या मांडवात कुणी फटाक्यांची माळ लावली तरी मी गाडीत जाऊन, काचा वर करून बसतो. पण त्याचा आणि ज्ञानाचा काय संबंध? आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्याला मधुमेह आहे, तरी त्याचा कनाफा खायला निम्मं शहर येतं.

माझं नाव निदाल. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. आमच्या गेममध्ये खेळणारा स्वतःच शिपाई असतो. पडद्यावर त्याला फक्त आपले दोन हात आणि हातातली बंदूक दिसते. ती बंदूक कशी हलणार, नेम कसा लागणार, गोळी कुठे जाणार, हे सगळं ठरवतो मी. चार वर्षं मी दुसरं काहीही केलेलं नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, बाजारातल्या निम्म्या गेममध्ये गोळी बंदुकीच्या नळीतून निघतच नाही. ती खेळणाऱ्याच्या कपाळातून निघते! पडद्याच्या मधोमध एक ठिपका असतो. ठिपका शत्रूवर ठेवा, बटण दाबा, शत्रू आडवा. बंदूक आपली कोपऱ्यात शोभेला. आमच्याकडे असली फसवाफसवी नाही. आमच्या गेममध्ये गोळी नळीतून निघते, नळी खांद्याला टेकलेली असते, खांदा श्वासाबरोबर वरखाली होतो, आणि शिपाई धावत आला असेल तर श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालतो. श्वास रोखला की नळी क्षणभर स्थिर. फार वेळ रोखला की डोळ्यांपुढे काजवे. हे सगळं मी केलंय, आणि तेही नुसती पुस्तकं वाचून!

तर आमच्या गेमच्या पाठीशी पैसा घेऊन उभे राहिलेले गृहस्थ, उस्ताद फव्वाज, कुवेतहून आले. त्यांच्या शब्दावर गेम बाजारात जाणार की नाही ते ठरणार होतं. त्यांनी पाच मिनिटं गेम खेळून पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "निदाल, तुमचा शिपाई पितो का हो?"

"छे छे, उस्ताद!"

"मग ही नळी सारखी हवेत आडवा आठ का काढतेय? एकसारखा, न चुकता, आडवा आठ! हा माणूस आहे की शिवणाचं मशीन?"

आता काय सांगणार! हात थरथरतो हे दाखवायला मी गणितातलं एक सूत्र वापरलं होतं, आणि त्या सूत्राचा आकार खरोखरच आडव्या आठासारखा होता. चार वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

उस्ताद आमच्या प्रमुख लुबनाबाईंना म्हणाले, "दोन आठवडे देतो. नाही जमलं तर बाहेरून तयार नेम घ्या, तो ठिपकावाला. आणि यांना गवताकडे द्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे गवत हलवण्याचं काम हसीब एकटा करतो. वारा आला की गवत कसं वाकेल, किती वाकेल, परत कसं उभं राहील, एवढंच. तीन वर्षं तो गवत हलवतोय. हल्ली तो बोलतानासुद्धा मंद वाऱ्यात असल्यासारखा डुलतो.

"उस्ताद!" मी ओरडलोच. "मी खऱ्या नेमबाजाचा हात आणतो! माझ्या बायकोचे मामा, अबू मिशाल, तीस वर्षं सैन्यात नेमबाजी शिकवत होते. त्यांचं मनगट जसंच्या तसं आपल्या गेममध्ये बसवतो!"

"त्यांनी हो म्हटलंय?" लुबनाने विचारलं.

"अर्थात!"

घरी आल्यावर हालाला, म्हणजे माझ्या बायकोला, ही बातमी सांगितली. ती भेंडी निवडत होती. हातातली सुरी तशीच धरून तिने विचारलं, "मामांना विचारलंस?"

"विचारायचंय."

"आणि मागच्या ईदला तू काय दिवे लावलेस ते आठवतंय ना?"

आठवत होतं. मामा सांगत होते की तीस वर्षांत त्यांनी कागदी निशाणाशिवाय कशावर गोळी झाडली नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. तेव्हा मी मधेच म्हणालो होतो, "मामा, मी तर रोज तीनशे माणसं मारतो. जेवणाआधी!" त्या दिवसापासून मामांच्या गावात माझं नाव तीनशेवाला.

"ते नाही म्हणतील," हाला म्हणाली.

"त्यांना नाही म्हणताच येणार नाही, अशी युक्ती केलीय मी."

"तुझी युक्ती म्हटलं की नंतर माफी मागायला मला जावं लागतं," असं म्हणून ती पुन्हा भेंडीकडे वळली.

युक्ती साधी होती. मामांचं गाव दक्षिणेला, मआनच्या अलीकडे, जुन्या रीतीभातीचं. तिथे पाहुण्याने पुढ्यात आलेली कॉफी न पिता कप खाली ठेवला, की त्याचा अर्थ एकच: माझं काही मागणं आहे, ते मान्य होईपर्यंत तुमच्या घरची कॉफी घेणार नाही. अशा वेळी यजमान नाही म्हणत नाही. म्हटलं तर पिढ्यान्‌पिढ्या तोंड दाखवायची सोय राहत नाही.

शुक्रवारी नमाजानंतर मामांच्या बैठकीत जाऊन बसलो. सत्तरीचे मामा, काठीसारखी ताठ पाठ, कुणाकडेही बघताना एक डोळा किंचित बारीक. शेजारचे दोघे म्हातारे आधीच लोडाला टेकून बसले होते. मामांचा मुलगा मिशाल, दोन लेकरांचा बाप, लांब चोचीची किटली घेऊन आला आणि वेलचीचा घमघमाट सुटलेली कॉफी त्याने माझ्या हातात दिली. मी कप गालिच्यावर ठेवला.

मिशालचा हात किटलीसकट हवेत थांबला. दोन्ही म्हातारे लोड सोडून सरळ बसले.

"कॉफी घे, निदाल," मामा हळू आवाजात म्हणाले.

"माझं एक मागणं आहे, मामा."

मामांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "कॉफी पी. तू मागशील ते दिलं."

मी गटकन कॉफी प्यायलो आणि खिशातून काळा पट्टा काढला. मनगटाच्या घड्याळाएवढा. हात केसभर जरी हलला तरी तो टिपून ठेवतो. "हा मनगटाला बांधायचा, मामा, आणि तुमची शिकारीची बंदूक घेऊन नेम धरायचा. गोळीबिळी काही नको. नुसता नेम."

मामांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"बस्स?" मामांनी विचारलं.

"बस्स!"

"अरे, माझ्या वडिलांनी असा कप खाली ठेवून दोन घराण्यांमधलं एकवीस वर्षांचं वैर मिटवलं! खून माफ करून घेतात लोक अशा कपावर! आणि तू पट्ट्यासाठी कप ठेवलास? नुसतं म्हणाला असतास तरी बांधला असता की!"

"मला वाटलं, दुसरं लग्न करतोय," एक म्हातारा निराशेने पुटपुटला.

"शहरातली माणसं!" दुसरा म्हणाला, आणि दोघे पुन्हा लोडाला टेकले.

पण तोवर कुणीतरी बाहेर जाऊन फोन केला होता. अम्मानहून आलेल्या जावयाने अबू मिशालकडे कप खाली ठेवला, ही बातमी गावभर झाली. तासाभरात बैठकीत तीस माणसं! एकाने तर तडजोडीची वेळ आली तर हाताशी असावा म्हणून बकराही आणला होता. तडजोड नाही हे कळल्यावर बकऱ्याचं मन्सफ, म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, करायचं ठरलं, कारण आणलेला बकरा परत नेणं बरं दिसत नाही.

माझं काम मात्र झोकात चाललं होतं. मामांनी अंगणात उभं राहून नेम धरला, गुडघ्यावर बसून धरला, पालथं पडून धरला.

"आता थोडं धावून या मामा, मग धरा. धापा टाकताना हात कसा हलतो ते हवंय."

"मी धावत नाही," मामा म्हणाले. "धावायचं काम समोरच्याचं."

दर थोड्या वेळाने नवे पाहुणे येत. मामा बंदूक बाजूला ठेवत, पाहुण्यांबरोबर बसून कॉफीचे दोन घोट घेत, रिकामा कप मनगटाने दोनतीनदा हलवून मिशालला "पुरे" सांगत, आणि पुन्हा अंगणात येत. एकदा त्यांनी विचारलं, "मधल्या वेळात हे काढून ठेवू का रे? काचतंय."

"राहू द्या मामा, राहू द्या! जेवढा माल जास्त, तेवढा नेम पक्का!"

आणि मी आत जाऊन पाहुण्यांना नेम कसा धरावा हे समजावत बसलो. श्वास अर्धा सोडायचा, बोटाने चाप ओढायचा नाही तर पिळायचा, वगैरे. त्यातले वीस-बावीस जण निवृत्त सैनिक निघाले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आणखी मन्सफ वाढलं. माणसं फार सभ्य!

ऑफिसात परत आल्यावर पट्ट्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये ओतलं आणि त्याला सांगितलं, या हाताची खास सवय शोधून काढ. कॉम्प्युटर सकाळपासून दुपारपर्यंत घुरघुरला आणि त्याने उत्तर दिलं. हा हात आधी वर येतो, दगडासारखा स्थिर होतो, आणि मग मनगट झटपट डावी-उजवीकडे तीनदा हलतं. एकदा नाही, दोनदा नाही, त्रेसष्ट वेळा!

माझ्या अंगावर काटा आला. हेच ते! उस्तादाचं गुपित! तीस वर्षं ज्याने अख्ख्या फौजेला नेम शिकवला, तो चाप दाबण्याआधी मनगट सैल सोडतो! कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. मी त्यावर अकरा पानी टिपण लिहिलं. शीर्षक दिलं "मनगटमुक्ती".

लुबनाने टिपण वाचलं. "नेम धरून झाल्यावर मनगट हलवायचं? मग नेम चुकत नाही?"

"तेच तर! सामान्य माणसाचा चुकेल. स्नायूंमधला शेवटचा ताण निघून गेला पाहिजे, म्हणून हलवायचं. फार वरच्या पातळीची गोष्ट आहे ही."

"मामांना एकदा विचारून घे ना."

"लुबना, खरा उस्ताद आपलं गुपित तोंडाने सांगतो का कधी?"

तिने टिपण मिटून ठेवलं. मी मामांचं मनगट गेममध्ये बसवलं. पडद्यावरचा शिपाई बंदूक उचलायचा, श्वास सोडायचा, नळी स्थिर करायचा, आणि मग छान लयीत, मनगटाने, हलव-हलव-हलव! गोळी भलतीकडेच जायची. खेळून पाहणारी पोरं कुरकुरली, तर त्यांना म्हटलं सराव वाढवा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सांगितली. लुबना म्हणाली, "काही म्हण, हे हलवणं फार ओळखीचं वाटतंय." खालचा हिशेबनीस वर येऊन बघून म्हणाला, "अगदी घरच्यासारखं वाटतंय हो!" हसीब गवत सोडून आला, डुलत डुलत दहा मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "निदाल, हे मी कुठेतरी रोज बघतो."

"सत्य हे ओळखीचंच वाटतं, हसीब!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. हे वाक्य मी टिपणातही घातलं.

दोन आठवडे संपले. उस्ताद फव्वाज आले. लुबनाने मला न सांगता मामांनाही बोलावून घेतलं होतं, मानाचा पाहुणा म्हणून. मामा कडक इस्त्रीच्या अंगरख्यात पहिल्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारी उस्ताद. आमचे अबू रजा, चाळीस वर्षं लग्ना-मयतींत कॉफी वाढत आलेले आणि आता आमच्या ऑफिसात वाढणारे, किटली घेऊन उभे. भिंतीवर मोठा पडदा.

मी अगदी थाटात सुरुवात केली. पट्टा कसा काम करतो ते दाखवायला तो स्वतःच्या मनगटावर बांधला, कॉम्प्युटरला जोडला, मनगटमुक्तीवर चार शब्द बोललो आणि गेम सुरू केला.

शिपाई गच्चीवर पालथा पडला. तीनशे पावलांवर शत्रूचा पहारेकरी. बंदूक वर आली. श्वास सुटला. नळी स्थिर. सगळी खोली श्वास रोखून. आणि मग, हलव-हलव-हलव! धाड! शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं.

"पहिली गोळी अंदाजाची असते," मी म्हणालो.

त्याच वेळी उस्तादांनी कॉफी संपवून कप पुढे केला होता. अबू रजा भरायला वाकले, समोरचं मनगट पडद्यावर हललेलं त्यांनी पाहिलं, आणि न भरताच पुढे गेले. उस्तादांनी भुवई उंचावली. अबू रजा खोलीला फेरी मारून परत आले. शिपायाने पुन्हा नेम धरला. हलव-हलव-हलव! टाकीला दुसरं भोक. अबू रजा पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी उस्तादांचा रिकामा कप हवेत तसाच राहिला, तेव्हा ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "अबू रजा, माझं काही चुकलं का?"

"नाही हो, उस्ताद! तुम्हीच पुरे म्हणालात ना!"

"मी?"

"तीनदा म्हणालात!" अबू रजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गोंधळून पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे... तुम्ही नाही. तो!"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. शिपायाने नेमकं तेव्हाच आणखी एकदा मनगट हलवलं.

मामा खुर्चीतून सावकाश उठले. पडद्याजवळ गेले. डोळा बारीक करून बघितलं. "अरे निदाल," ते म्हणाले, "हा तर कॉफी पुरे म्हणतोय! लढाईच्या मधोमध! शत्रूने पाजली होती की काय याला?"

"म्हटलं ना, रोज बघतो!" मागून हसीब ओरडला.

मग काय विचारता! लुबनाने टिपण तोंडावर धरलं. माझंच टिपण. हिशेबनीस खुर्चीवरून घसरला. उस्ताद हसता हसता खोकायला लागले आणि अबू रजांनी त्यांना शेवटी एक कप दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात मामांचा आणि अवलक्षण माझं. सात तासांच्या मापात खरा नेम चाळीस मिनिटांचा होता. बाकीची सगळी कॉफी आणि मन्सफ!

हसू ओसरल्यावर उस्तादांनी डोळे पुसले. "छान झालं. पण नेमाचं काय?"

"आत्ता, उस्ताद! पाच मिनिटं!" मी घाईघाईने कॉफी कापून काढली, फक्त ती चाळीस मिनिटं ठेवली आणि पडद्यावरची बंदूक त्यांच्या हवाली केली. आता पडद्यावर मामांचा शुद्ध हात होता. नळी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी! उस्तादांनी दहा गोळ्या झाडल्या. दहा पहारेकरी आडवे. अकराव्याला त्यांनी जांभई दिली.

"हा गेम आहे की टपाल कचेरीत शिक्के मारायचं काम?"

"हात हलवायचा कशाला?" मामा म्हणाले. त्यांना स्वतःचा हात फार आवडला होता.

"अबू मिशाल, तुमच्यापुढे मी काय बोलणार! पण खेळणाऱ्याला काही धडपड नको का? सगळेच जन्मतः अबू मिशाल झाले तर खेळायचं काय?" उस्ताद उठायला लागले. "लुबनाबाई, तो ठिपकावालाच घ्या. निदाल, वाईट वाटून घेऊ नका. गवतही गेमचा भागच असतो."

माझी चार वर्षं तिथे त्या खोलीत संपली. खरं सांगतो, मला रडूच यायला लागलं. कोपऱ्यात आमची नमुन्याची लाकडी बंदूक उभी असते, ती उचलून मी खांद्याला लावली. का, ते देव जाणे. मला एवढंच म्हणायचं होतं की गोळी नळीतून निघते, ठिपक्यातून नाही. "उस्ताद, एकदा... एकदाच बघा, माणूस अशी धरतो..."

"थांबा," उस्ताद म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते. मनगटावरचा पट्टा काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. उस्तादांनी खेळ सोडताच पडद्यावरची बंदूक कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या पट्ट्याचं ऐकू लागली होती. पडद्यावरची नळी थरथरत होती, आणि आडव्या आठात नाही! कधी थांबायची, कधी एकदम डावीकडे जायची, कुणी खोकलं की दचकायची.

"हे काय आहे?" उस्ताद पुन्हा खाली बसले. "कुणी बोलू नका. निदाल, तुम्ही गवताकडे जाताय."

नळी उडाली आणि आकाशाकडे गेली.

"बरं, नाही जात."

नळी हळूहळू खाली आली.

"जाताय!"

नळी पुन्हा आकाशात.

"वा!" उस्तादांनी मांडीवर थाप मारली. "हा माणूस! हाच तो! घरून पहिल्यांदा बाहेर पडलेला, पाचावर धारण बसलेला! मी पहिल्या दिवशी सैन्यात गेलो तेव्हा माझा हात असाच होता!"

मग मामा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता तीनशेवाला ऐकायला मिळणार. पण त्यांनी माझं कोपर दोन बोटांनी खाली दाबलं. "इथे टेकव. नळीकडे बघू नकोस, समोर बघ. श्वास सोड. सगळा नको, अर्धा. घाई कुणाला आहे?" पडद्यावरची नळी थरथरत, अडखळत, थोडीशी शांत झाली. चार वर्षं मी हेच वाक्य सगळ्यांना ऐकवत होतो, श्वास अर्धा सोडा म्हणून. तो सोडताना छातीत काय होतं, ते त्या दिवशी कळलं. लाकडाचीच होती, पण बंदूक फार जड लागली. मामांची दोन बोटं कोपरावरून हलू नयेत असं वाटत राहिलं.

तर असा आमचा नेम वाचला. आता गेममध्ये खेळणारा सुरुवात करतो माझ्या हाताने. मामांचा आवाज त्याला शिकवतो, कोपर खाली, समोर बघ, घाई कुणाला आहे. आणि शिकत शिकत, ऐंशी लढायांनंतर, त्याला मामांचा हात मिळतो. मामांनी आवाज द्यायला एका फोनवर होकार दिला. कप खाली ठेवावा लागला नाही.

गेम बाजारात आला. लोकांना आवडला! गावात मिशालने बैठकीतल्या टीव्हीवर लावला आणि तीस माणसांनी मामांचा हात पाहिला. मीही रोज खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचत बसू लागलो. आठव्या दिवशी एक लांबलचक अभिप्राय आला. लिहिणारा जाणकार दिसत होता. श्वास, वजन, गोळीचं खाली झुकणं, सगळ्याची त्याने तोंड भरून स्तुती केली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, "नेमातलं सगळं खरं वाटतं. फक्त सुरुवातीचा नवखा शिपाई पटत नाही. अतिशयोक्ती आहे. जिवंत माणूस इतका थरथरूच शकत नाही." त्याखाली चारशे बारा जणांनी मान डोलावली होती.

लुबनाने मला बोलावलं. "निदाल, सुरुवातीची थरथर निम्मी कर. लोकांना खरी वाटत नाहीये."

"अगं, पण ती खरीच आहे!"

"मला माहीत आहे रे. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलीय. पण लोकांना पटायला नको?"

काल निम्मी केली. तिने बघितलं आणि म्हणाली, अजून थोडी कमी कर.